शेवटून पहिला

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सातजण
कीथलीच्या ट्रॅकवर फावडी घेऊन उभे,
दुसऱ्या वळणाशी, जिथं पाणी साचतं.
ग्रॅहम थ्वेट असता तर म्हणाला असता,
चिखल काही पळून जात नाही, आधी चहा.
म्हणून आधी चहा झाला.

कमिटीत मी खजिनदार.
मुलीला सोडायला यायचो, आणि एकदा
कुणीतरी मला तोंडी बेरीज करताना पाहिलं, एवढंच कारण.
तेव्हापासून माझ्या वहीत
रुग्णवाहिकेचे साडेतीनशे, फिरत्या संडासांचे दोनशे दहा,
बेकन रोलवाल्याची उधारी,
आणि एक ओळ : स्मृतिचषक.
तिच्यापुढे बरेच दिवस काहीच नव्हतं.

कारण चषक कुणाला, यातच तीन बैठका गेल्या.
ग्रॅहम अकरा वर्षं धावला, चाळिशीवरच्या गटात.
आठांत आठवा. एकदाही सातवा नाही.
शेवटच्या उडीवर एक हात सोडून
टाळ्या घ्यायचा,
जणू लोक त्याच्यासाठीच खोळंबलेत.
(खोळंबलेले असायचेही. पुढची शर्यत अडलेली असायची.)

पहिल्याला द्या, सेक्रेटरी म्हणाला, नियम आहे.
डोना म्हणाली, सगळ्यात लहान पोराला.
मॉरा हेल्मेटचा तुटका पट्टा शिवत होती.
मान वर न करता म्हणाली,
"पहिला कोण आला, हे माझ्या नवऱ्याला कधी कळलंच नाही.
तो पोचेपर्यंत लोक गाडीत सायकली चढवत असायचे."

मग ठरलं. शेवटच्याला.

रविवारी पहाटे याद्या छापताना
कॉम्प्युटरनं आपणहून त्याचं नाव घातलं :
थ्वेट, प्लेट ६१, लेन चार, फी बाकी.
खोडायला बोट नेलं.
मग खिशातले आठ पौंड डब्यात टाकले
आणि पावती फाडली.

शर्यतीला सातजण आणि एक मोकळी लेन.
चार टिंग, आणि फाटक धाडकन आडवं.
कुणी हलेचना.
मिरजेच्या शाळेत, गॅदरिंगच्या आधी,
स्लो सायकलिंग असायचं; पाय टेकला की बाद.
माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "पाय टेकू नका रे!"
मुलगी लाजून दोन पावलं लांब सरकली.

पण हा ट्रॅक सपाट मैदान नव्हे.
पहिल्याच उंचवट्यावर प्लंबर निकोलसन
अर्ध्यातून मागं घरंगळला, मागच्या दोघांवर.
हळू जायचं तरी चढाला आधी जोर लागतो,
आणि जोर लावला की माणूस पुढं जातो.
ही एवढी कसरत ग्रॅहम
अकरा वर्षं फुकट करत होता की काय?
सात मिनिटं चालली ती शर्यत.
एरवी चाळीस सेकंदांत आटपते.
ओळीजवळ सगळे ब्रेक दाबून डुगडुगत,
एकमेकांना शिव्या देत, आधी तू, आधी तू,
आणि मॉरा हसत होती, मग नव्हती हसत.

निकोलसन जिंकला, म्हणजे सातवा आला.
चषकाकडे हात नेणार, तेवढ्यात
सेक्रेटरीनं चष्मा लावून माझी यादी वाचली.
दोनदा वाचली.
यादीत आठ नावं आहेत, तो म्हणाला,
फी भरलेली आहे.
हजर नसलेला शेवटचा धरतात.
नियम आहे.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
निकोलसननं हेल्मेट काढलं
आणि फाटकाची मोटर बंद करायला गेला.

संध्याकाळी मॉरानं चषकात
उरलेल्या चहाच्या पिशव्या भरल्या, एकशे चाळीसेक,
आणि तो कंटेनरमध्ये ठेवून दिला, फावड्यांशेजारी.
हिशेब जुळेना. आठ पौंड जास्त येत होते.
मीच ते विसरलो होतो.
दुसऱ्या वळणाशी पुन्हा पाणी साचलं होतं.